बंद करून पुन्हा चालू करा

गेल्या श्रावणातली गोष्ट. रविवारची सकाळ होती, गिरगावात पावसाची पिरपिर चालली होती आणि मी गॅलरीत खुर्ची टाकून वर्तमानपत्रातले राशिभविष्य वाचीत बसलो होतो. (राशिभविष्यावर माझा काडीचाही विश्वास नाही; मात्र ते वाचल्याखेरीज मला चहा गोड लागत नाही.) इतक्यात जिन्यावर पावले वाजली आणि आमचा भाचा समोर येऊन उभा राहिला. हा भाचा लालबागला राहतो आणि रात्रपाळी करतो. रात्रपाळी करणारा मनुष्य रविवारी सकाळी नऊ वाजता झोप टाकून मामाकडे येतो, तेव्हा एक तर त्याचे लग्न ठरलेले असते, नाही तर नोकरी सुटलेली असते. चेहऱ्याकडे पाहून लग्नाची बातमी नव्हे, एवढे मी ओळखले.

"मामा, मी राजीनामा देतोय," छत्री मिटता मिटता तो म्हणाला.

आदल्या रात्रीच ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन येऊन गेला होता. "तू सांगशील ते तो ऐकेल," असे ती म्हणाली होती. बहिणीचा हा गैरसमज माझ्याविषयी लहानपणापासूनचा आहे.

आता या मुलाचे काम काय, ते आधी सांगितले पाहिजे. लोअर परळला पूर्वी जिथे एक गिरणी होती, तिथे आता एक काचेची इमारत उभी आहे. तिच्या नवव्या मजल्यावर कानाला यंत्र लावून हा बसतो. साता समुद्रांपलीकडल्या कचेऱ्यांतल्या कुणाचा संगणक अडला की तो तिकडून फोन करतो आणि आमचा भाचा इकडून त्याची अडचण सोडवितो. याला टेक्निकल सपोर्ट म्हणतात. मराठीत काय म्हणावे, हा प्रश्नच आहे. 'तांत्रिक' म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे लिंबू-मिरची आणि काळी बाहुली उभी राहते.

मामीने पोहे पुढे ठेवले. पोरगा बशीशी चाळा करीत बोलू लागला.

"सात वर्षे झाली, मामा. सात वर्षांत मला काय येते, सांगू? पासवर्ड विसरलेल्याला नवा पासवर्ड देता येतो. प्रिंटर चालेना तर वायर लावली आहे का, हे विचारता येते. आणि काहीच सुचले नाही तर 'बंद करून पुन्हा चालू करा' असे गोड आवाजात सांगता येते. पडद्यावर प्रश्न लिहिलेले असतात, उत्तरेही लिहिलेली असतात. त्यापलीकडचे काही आले की दुसऱ्या पायरीवर पाठवून द्यायचे. दुसऱ्या पायरीवरचे लोक त्याचे काय करतात, ते आम्हाला कधी दिसत नाही. आणि आता कंपनीने आपोआप उत्तरे देणारी यंत्रणा आणली आहे. माझीच वाक्ये ती माझ्यापेक्षा नम्रपणे बोलते!"

शेवटच्या वाक्याला मी हसणार होतो, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहून हसू आवरले.

मग त्याने खिशातून एक रंगीत पत्रक काढले. दादरला एक क्लास होता. सहा महिन्यांत बावीस विषय शिकविणार, नोकरीची हमी देणार, आणि फी एक लाख ऐंशी हजार. नोकरी सोडून पूर्ण वेळ बसावे लागेल. पैसे कुठून आणणार, हे मी विचारले नाही, कारण मला ठाऊक होते. ताईची पोस्टात एक मुदत ठेव आहे. आमच्या भाऊजींना ज्या काही रकमा आयुष्यात एकदाच मिळाल्या, त्या साऱ्या तिच्यात आहेत.

भाऊजी गिरणीत होते. विणखात्यात, बदली कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतला तो मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा भाऊजी बावीस वर्षांचे होते. पुढचे सर्व गिरणगावाला ठाऊक आहे. किती तरी गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत; भोंगे बंद झाले, चिमण्या उरल्या, आणि पुढे चिमण्याही गेल्या. भाऊजींनी मग भाजी विकली, कुरिअरची पाकिटे वाटली आणि अखेर एका इमारतीखाली रात्रीचा पहारा धरला. ते फारसे बोलत नाहीत. एकदाच, कुठल्याशा लग्नाच्या पंगतीत, माझ्याशेजारी बसून म्हणाले होते, "मला साचा चालवता येत होता. साचा गेला आणि मी उरलो."

तेव्हा पोराच्या तोंडून "मला काय येते?" हे ऐकताना माझ्या कानात ते दुसरे वाक्यही वाजत होते. त्याच्याही वाजत असावे. घरातल्या अशा गोष्टी मुलांना कुणी सांगाव्या लागत नाहीत.

मी काय सांगितले? जे कुठलाही मामा सांगेल तेच! "हातची नोकरी सोडू नको." सांगितले आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. मी स्वतः तेहतीस वर्षे एकाच कचेरीत, एकाच खिडकीशी काढली. ती खिडकी मला आवडत होती म्हणून नव्हे. दुसरी खिडकी उघडून पाहण्याचे धैर्य नव्हते म्हणून. वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यात किती शहाणपण असते आणि किती भीती, हे वजन करून पाहिले तर काटा कुठे झुकेल, सांगता येत नाही.

पत्रक पुन्हा हातात घेतले. क्लास दादरचा, म्हणून सहज विचारले, "फाळके रस्ता माहीत आहे ना?"

"स्टेशनातून पूर्वेला उतरले की लगेच."

"ते फाळके वयाच्या चाळिशीत काय करीत होते, ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हते. आपल्याकडे थोर माणसांची नावे रस्त्यांना दिली की त्यांच्याविषयी आणखी काही माहीत करून घेण्याची जबाबदारी संपते. (ही टीका माझ्यावरही आहे. गिरगावात राहून मी किती रस्त्यांविषयी सांगू शकेन, हे वाचकांनी विचारू नये.)

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात गेले, गोध्र्याला फोटोग्राफीचे दुकान काढून पाहिले. पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, ती सोडली. मग छपाईचा धंदा. चित्रांचे ठसे करणे, रंगीत छपाई करणे यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हते. त्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. आणि एवढे झाल्यावर भागीदारांशी बिनसले व स्वतः उभ्या केलेल्या छापखान्यातून हा मनुष्य बाहेर पडला. वय चाळिशीचे, घरात बायको-मुले, आणि हातात धंदा नाही. त्याच सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांची अशी चित्रे आपण करावीत, हे त्यांच्या डोक्याने घेतले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. माझ्या भाच्याला मला पुढची सांगायची होती. फाळके आधी महिनोन्महिने चित्रपट पाहत राहिले, पुस्तके मागवून वाचीत राहिले. इतके, की डोळ्यांनी दगा दिला आणि उपचार करून दृष्टी परत मिळवावी लागली. मग आयुर्विम्यावर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेतले आणि दोनेक महिन्यांत परत आले. सहा महिन्यांत बावीस विषय नव्हेत. नेमके जे अडले होते तेवढेच शिकून आले.

आणि परत आल्यावर काय केले? हरिश्चंद्र? नाही! एका कुंडीत वाटाणा लावला. त्याला अंकुर फुटतो, वेल वाढतो, याची चित्रे थोड्या थोड्या वेळाने, दिवसामागून दिवस घेत राहिले आणि मिनिटभराचा एक चित्रपट तयार केला. पडद्यावर क्षणात वेल वर चढताना दिसला, तेव्हा पैसेवाल्यांना खात्री पटली की याला हे येते. सरस्वतीबाईंचे दागिने तारण गेले ते त्यानंतर. मोठ्या चित्राचे काम सुरू झाले ते त्यानंतर. दादरला त्याच रस्त्यावर घरात आणि अंगणात कारखाना. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाई सोबत. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका हॉटेलातल्या स्वयंपाक्याला, अण्णा साळुंके यांना, साडी नेसविली होती. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. धंदा बदलणाऱ्यांत त्यांचाही नंबर वरचा लागेल!

"मामा, ते दादासाहेब फाळके होते," भाचा म्हणाला. "मी कोण?"

प्रश्न रास्त होता. शिवाय फाळक्यांची अखेरची वर्षे काही वैभवात गेली नाहीत, हेही लपविण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मी त्याला आमच्या कचेरीतल्या मिस्त्रींची गोष्ट सांगितली.

आमच्या कचेरीत टंकयंत्रे दुरुस्त करायला दर महिन्याला दोघे मिस्त्री येत. तेलाची बारीक कुपी, ब्रश, पिवळे फडके, एवढाच सरंजाम. दोघेही सारखेच हुशार. संगणक आले आणि एकेक टंकयंत्र कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसले. त्यांतला एक मिस्त्री म्हणाला, हे आपले काम नव्हे, आणि तो गावी गेला. दुसरा आमच्या हिशेब खात्यात जाऊन नुसता उभा राहिला. तिथे तो करकर आवाज करणारा प्रिंटर होता. "यालाही फीत आहे, रूळ आहे, इकडून तिकडे धावणारा गाडा आहे," असे म्हणून त्याने त्याचे झाकण उघडून पाहण्याची परवानगी मागितली. वीज आणि तारा त्याला नवीन होत्या, त्या तो लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात संध्याकाळी बसून शिकला. पण गाडा का अडकतो, हे त्याच्या बोटांना आधीपासून कळत होते. पुढे आमच्या साऱ्या मजल्यांवरचे प्रिंटर त्याच्याकडे होते.

"तो संगणकाचा इंजिनीयर झाला नाही," मी म्हटले. "तो टंकयंत्राच्या शेजारच्या खोलीत गेला. तुझ्या शेजारच्या खोलीत काय आहे?"

"दुसरी पायरी," तो लगेच म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पण तिथले लोक विचारतील, तू स्वतः काय उभे केले आहेस? मी तर दुसऱ्यांचेच बंद करून चालू करीत आलो."

नेमके दुखणे हे होते. घाबरलेल्या माणसाला शांत करणे, चार प्रश्नांत बिघाड कुठे आहे ते हेरणे, प्रत्येक तक्रारीची वेळेसकट नोंद ठेवणे, हे सर्व त्याला येत होते आणि ते येते हे त्याला ठाऊक नव्हते, कारण सात वर्षे त्याला कुणी तसे सांगितले नव्हते. न येणारी गोष्ट एकच होती: आरंभापासून शेवटपर्यंत एखादी वस्तू आपल्या हाताने उभी करणे, आणि ती कोसळली तर आपणच उचलणे. त्यासाठी वाटाणा हवा होता.

वाटाणा आमच्याच चाळीत सापडला. तळमजल्यावर आमचे वाचनालय आहे. चारेक हजार पुस्तके, आणि त्यांची नोंदवही तीन पिढ्यांच्या तीन हस्ताक्षरांत. कुठले पुस्तक कुठे आहे, हे फक्त आमच्या ग्रंथपालांना ठाऊक, आणि ते ऐंशी वर्षांचे. ठरले असे, की राजीनामा चार महिने लांबवायचा, ठेवीला हात लावायचा नाही, आणि भाच्याने वाचनालयाची यादी संगणकावर आणायची. लॅमिंग्टन रोडवरून साडेसात हजारांत एक वापरलेला संगणक आला. त्यावर फुकट मिळणारी लिनक्स नावाची प्रणाली त्याने स्वतः घातली. ती घालतानाच तीन रविवार गेले. मी आणि पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई नोंदी वाचून दाखवू लागलो आणि तो टिपू लागला.

अकराशे नोंदी झाल्या आणि एका शनिवारी त्या सगळ्या नाहीशा झाल्या. संगणकाची तबकडीच बिघडली. दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती.

त्या क्षणीचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. सात वर्षे लोक त्याला फोनवर सांगत आले होते, "माझे सगळे काम गेले हो!" आणि तो पडद्यावर लिहिलेले सहानुभूतीचे वाक्य वाचीत आला होता. बाई मात्र शाळामास्तरीण. "पुन्हा काढू या," एवढेच म्हणाल्या आणि चष्मा पुसून वही पहिल्या पानावर उघडली. तो रात्रभर खाली बसला. सकाळी मी दूध आणायला उतरलो तेव्हा एका वहीत लिहीत होता: किती वाजता काय दिसले, काय करून पाहिले, काय चुकले, पुन्हा असे होऊ नये म्हणून रोज दोन ठिकाणी प्रत कशी ठेवायची आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे दर रविवारी कसे तपासायचे. तक्रार नोंदविण्याची नोकरीतली सवय! फक्त या खेपेस तक्रारही त्याचीच आणि उत्तरही त्याचेच.

गणपती झाले, नवरात्र झाले. यादी आता पुरी झाली आहे. पुस्तकाचे नाव सांगितले की कपाट आणि फळी दिसते. ग्रंथपाल अजूनही आधी आठवणीतून सांगतात आणि मग संगणक बरोबर आहे की नाही ते पाहतात. आतापर्यंत तो दोनदा चुकला, ते एकदाही नाहीत.

मधल्या काळात भाच्याने कचेरीत दुसऱ्या पायरीसाठी अर्ज केला. पहिल्यांदा नकार आला. अनुभव नाही, असे सांगितले. मग त्याने तिथल्या एका बाईंना ती वही दाखविली. यादी नव्हे, वही. ती बिघाडाची पाने. त्यांनी दोनदा वाचली आणि "हे कुणी लिहून दिले?" असे विचारले. आठवड्यातल्या तीन रात्री, तिकडचा कुणी रजेवर असेल तेव्हा, त्याला तिथे बसविण्याचे ठरले. पगार तोच. कायम करण्याचा शब्द नाही. जानेवारीत एक परीक्षा द्यायची आहे, तिची फी तो पगारातून भरतो आहे. क्लासचे पत्रक ताईने देवघराच्या खणात ठेवले आहे. फाडू देत नाही. मार्चमध्ये ठेवीची मुदत संपते, तेव्हा त्या पैशांचे काय करायचे, यावर घरात अजून एकमत नाही. मीही या वेळी मत दिलेले नाही.

परवा चकल्या घेऊन लालबागला गेलो होतो. चिवडा गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. वर गेलो तर भाचा कामावर निघण्याच्या तयारीत आणि भाऊजी पहाऱ्याला जाण्यासाठी खाकी शर्टाच्या गुंड्या लावीत होते. मी भाऊजींना या तीन रात्रींची व्यवस्था समजावून सांगितली, कारण पोराने ती बापाला सांगितली असेल, अशी मला खात्री नव्हती.

ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बदली!"

"तसेच म्हणायचे," मी म्हटले.

भाऊजी हसले. त्यांना हसताना पाहून ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मग पाळीच्या अर्धा तास आधी जात जा," ते मुलाला म्हणाले. "बदलीवाल्याने गेटवर सर्वांत पुढे उभे राहायचे. कुणी आला नाही की जॉबर समोर दिसेल त्याला घेतो. आणि आत गेल्यावर शेजारच्या साच्यावरही नजर ठेव. त्याचा धागा तुटला तर तू जोडून दे. त्याने सांगितले नसले तरी."

"तिकडे गेट नाही, बाबा. कार्ड लावले की दार उघडते."

"मग कार्ड अर्धा तास आधी लाव."

पोराने घड्याळाकडे पाहिले, डबा पिशवीत टाकला आणि चपला घातल्या. भाऊजींनीही टोपी उचलली. "थांब, नाक्यापर्यंत येतो," म्हणाले, आणि दोघेही रात्रपाळीला जिना उतरले.